ऋण कुणाचे, फेड कुठे?

दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पाने वाटण्याची रीत आपल्या घराण्यांनी भोसल्यांच्या काळापासून या भागात जपली आहे. शेजारची हिंदी बोलणारी मंडळीही आता हौसेने 'सोने' घेऊन जातात. त्या पानामागची कौत्साची कथा मात्र हळूहळू विस्मरणात जात आहे, आणि या लेखापुरते तरी तिची आठवण करून देणे आम्हांस आवश्यक वाटते.

कौत्स हा वरतंतू ऋषींचा शिष्य. विद्या पूर्ण झाल्यावर त्याने गुरुदक्षिणा विचारली. तुझी सेवा हीच दक्षिणा, असे गुरूंनी सांगितले. शिष्याने हट्ट सोडला नाही, तेव्हा संतापून गुरू म्हणाले, चौदा विद्या शिकलास, चौदा कोटी सुवर्णमुद्रा आण. कौत्स रघुराजाकडे गेला, तर विश्वजित यज्ञात सर्वस्व दान करून बसलेला तो राजा मातीच्या पात्रातून अर्घ्य घेऊन सामोरा आला. याचक विन्मुख जाऊ नये म्हणून रघूने कुबेरावर चाल करण्याचे ठरविले आणि त्याच रात्री त्याच्या कोशागारात सोन्याचा पाऊस पडला. कालिदासाने 'रघुवंशा'च्या पाचव्या सर्गात हे सांगितले आहे. पुढचा भाग आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. राजा म्हणे, सगळे घेऊन जा. कौत्स म्हणे, गुरूंना द्यायचे आहे तेवढेच घेईन. आपट्याच्या झाडावर सोने पडले आणि उरलेले लोकांनी लुटले, ही भर लोककथेची.

या कथेची आठवण होण्यास एक निमित्त घडले. पांढुर्ण्याचे आमचे एक बालमित्र संत्र्यांचे बागायतदार आहेत. त्यांचा मुलगा महाराष्ट्रातील एका व्यवस्थापनशास्त्र संस्थेत शिकून पुण्यात चांगल्या हुद्द्यावर लागला. त्याच्या तुकडीस दहा वर्षे पूर्ण झाली म्हणून संस्थेचे पत्र आले. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी करून गरजू विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीचा एक निधी उभारावा, अशी त्यात विनंती होती. मुलगा एक लाख रुपये द्यायला निघाला. मित्र ते पत्र घेऊन आमच्याकडे आले. त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत देतो: "पैसे मोजून फी भरली. बँकेचं कर्ज व्याजासकट सात वर्षं फेडलं. मंग हे आता कायचं राह्यलं भाऊ?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर 'दान करावे, पुण्य लागते' एवढ्याने भागत नाही. गुरूने काहीच मागितले नव्हते तेव्हा कौत्साचा प्रश्न उभा राहिला. येथे तर संस्थेने आधीच सर्व मागून घेतले होते. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेत दोन वर्षांचे शुल्क आता वीस लाखांच्या पुढे गेले आहे. इतके मूल्य चुकविलेल्या माणसाने स्वतःस ऋणी का मानावे?

मराठीत 'कर्ज' आणि 'ऋण' हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. त्यांत भेद आहे असे आम्हांस वाटते. कर्जाचा धनको ठरलेला असतो, रक्कम ठरलेली असते, आणि फेडले की बेबाकी प्रमाणपत्र मिळते. ऋणाचे तसे नाही. वैदिक परंपरेने माणूस जन्मतः तीन ऋणे घेऊन येतो असे मानले. त्यांतले ऋषिऋण ऋषींना काही देऊन फिटत नाही, ते अध्ययनाने फिटते. म्हणजे ज्यांच्याकडून मिळाले त्यांना परत न करता ते पुढे चालवायचे. मित्राच्या मुलाने जे शुल्क भरले त्याने अध्यापनाचा आणि वसतिगृहाचा त्या वर्षांचा खर्च भागला असेल. परंतु त्या संस्थेच्या नावाला बाजारात जी पत आहे ती त्याच्या आधीच्या तुकड्यांनी मिळविलेली होती. ग्रंथालय त्याने बांधले नव्हते. जमीन बहुधा शासनाने दिली असेल. या गोष्टी त्याने विकत घेतल्या नाहीत. त्या त्याला वारशाने मिळाल्या.

येथे एक कबुलीही द्यावी लागते. व्यवस्थापनाच्या पदवीचे मोल संस्थेच्या नावावर फार अवलंबून असते. नाव वाढले तर जुन्या पदवीधराचाही भाव वाढतो. तेव्हा माजी विद्यार्थ्याने दिलेल्या रकमेत स्वतःच्या घराची डागडुजी करण्याचा थोडा भाग असतोच. त्यात वाईट काही नाही. फक्त त्या भागाला दान म्हणू नये.

असो. हा व्यवहार चालतो कसा, हे पाहिल्याशिवाय त्याच्या नीतीविषयी बोलणे पोकळ ठरेल. अमेरिकेत येल विद्यापीठाने १८९० मध्ये माजी विद्यार्थ्यांचा वार्षिक निधी सुरू केला, आणि तेव्हापासून तुकडीवार वर्गणीची ही पद्धत तिकडे रुळली. मोठ्या देणग्या बहुधा अक्षयनिधीत जातात. मूळ रक्कम गुंतवून ठेवायची आणि उत्पन्नातला ठराविक हिस्सा दरसाल खर्चायचा. देवळाच्या नंदादीपासाठी जमीन लावून देणाऱ्या आपल्या पूर्वजांना ही कल्पना समजावून सांगावी लागली नसती. एक भेद मात्र आहे. जमिनीचे उत्पन्न महागाईबरोबर वाढते, बँकेतल्या ठेवीचे वाढत नाही. म्हणून जुन्या पारितोषिकांच्या व्याजात आज पदकाची पेटीसुद्धा येत नाही, अशी अवस्था कित्येक ठिकाणी झाली आहे. हल्लीच्या संस्था मुद्दलात दरवर्षी भर घालतात, ती याच कारणाने. अहमदाबादच्या संस्थेने २०२० साली असा अक्षयनिधी स्थापन केला, तेव्हा दहा माजी विद्यार्थ्यांनी मिळून १०० कोटी रुपयांचे वचन दिले होते.

या पैशातून अध्यासने निघतात, इमारती उभ्या राहतात, संशोधन चालते, नव्या उद्योगांना आरंभीचे बळ मिळते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ती शिष्यवृत्ती. डोक्यावर वीस लाखांचे कर्ज घेऊन बाहेर पडणारा मुलगा सहकारी दूधसंघात किंवा ग्रामीण पतपुरवठ्याच्या कामात जाऊ इच्छीत असला तरी जाऊ शकत नाही. हप्ता त्याला सर्वांत जास्त पगाराच्या दाराशी ओढून नेतो. ज्याचे शुल्क दुसऱ्या कोणी भरले त्याला निवड करता येते. हार्वर्डच्या व्यवसायशिक्षण संस्थेत सुमारे निम्म्या विद्यार्थ्यांना गरजेनुसार साहाय्य मिळते, आणि २०२२ साली तिने सर्वाधिक गरजू विद्यार्थ्यांचे शिकवणी शुल्क पूर्णपणे उचलण्याचे जाहीर केले. त्यामागे जुन्या विद्यार्थ्यांच्या देणग्यांचे मोठे बळ आहे.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर पवईच्या आयआयटीचे घ्यावे. तेथे १९९५ मध्ये व्यवस्थापनशास्त्राचा विभाग निघाला आणि पुढे त्यास शैलेश मेहता या माजी विद्यार्थ्याचे नाव मिळाले. गंमत अशी की मेहता तेथून १९७१ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडले, तेव्हा हा विभाग अस्तित्वातच नव्हता. म्हणजे ज्या वर्गात ते कधी बसले नाहीत त्या वर्गासाठी त्यांनी दिले. आम्ही म्हणतो ते पुढे चालविलेले ऋण असेच असते. २०२३ हे वर्ष तर या संस्थेच्या इतिहासात ठळकपणे नोंदले जावे. जून महिन्यात नंदन निलेकणी यांनी, आपल्या प्रवेशास पन्नास वर्षे झाली त्यानिमित्त, ३१५ कोटी रुपये देण्याचे जाहीर केले. त्यांची पूर्वीची देणगी धरून ही रक्कम ४०० कोटी होते. ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका माजी विद्यार्थ्याने १६० कोटी दिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्यास सांगितले. डिसेंबरात १९९८ च्या तुकडीने रौप्यमहोत्सवानिमित्त ५७ कोटी जमविले.

नावाने देणे श्रेष्ठ की निनावी, असा वाद येथे घालता येईल. गुप्तदान श्रेष्ठ, असे आपले संस्कार सांगतात. आमचे मत थोडे निराळे आहे. नावाने दिलेल्या देणगीमुळे दुसऱ्यास स्फुरण येते, तुकडी तुकडीशी स्पर्धा करते, आणि त्या स्पर्धेतून एखाद्या मुलाचे शुल्क निघत असेल तर आम्ही नाक मुरडणार नाही. देणाऱ्याने नाव लावावे. घेणाऱ्याचे नाव मात्र लावू नये. एका समारंभात आम्ही पाहिले आहे की, शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलांना मंचावर बोलावून दारापेक्षा रुंद असा पुठ्ठ्याचा धनादेश त्यांच्या हाती दिला, आणि देणगीदारांबरोबर छायाचित्र काढून दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात छापून आणले. त्यांतली एक मुलगी सबंध वेळ त्या पुठ्ठ्याच्या मागेच उभी राहिली.

'डोनेशन' या शब्दाचेही असेच वाटोळे झाले. मराठी कुटुंबांत ऐंशीच्या दशकानंतर तो शब्द उच्चारला की देणगी आठवत नसे, प्रवेशासाठी टेबलाखालून द्यावयाची रक्कम आठवत असे. महाराष्ट्रास त्यासाठी १९८७ साली बंदीचा कायदा करावा लागला. दारात शिरण्यापूर्वी दिलेला पैसा आणि दारातून बाहेर पडल्यावर वर्षांनी दिलेला पैसा यांत रकमेचा फरक नसेल, पण पहिल्यात भय असते आणि दुसऱ्यात नसते. म्हणूनच बाहेर पडलेल्याने दिलेला पैसा जर आपल्या मुलाच्या प्रवेशाकडे डोळा ठेवून दिलेला असेल, तर तो जुन्या डोनेशनचाच धाकटा भाऊ समजावा. अमेरिकेत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात झुकते माप देण्यावर अलीकडे जी टीका होते, ती याच मुद्द्यावर. कौत्साने जास्तीचे सोने नाकारले, त्यापेक्षा देणाऱ्याने जास्तीचा हक्क नाकारणे कठीण असावे.

आणि देणारा नेहमी माजी विद्यार्थीच असतो असेही नाही. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे मँगनीजच्या खाणींचे मालक. १९३० मध्ये त्यांनी मृत्युपत्र करून आपली उरलेली मालमत्ता, ३५ लाख रुपयांहून अधिक, नागपूर विद्यापीठास उपयोजित विज्ञान आणि रसायनाच्या शिक्षणासाठी दिली. विद्यापीठ तेव्हा अवघे सात वर्षांचे होते. लक्ष्मीनारायण त्याचे विद्यार्थी असण्याचा प्रश्नच नव्हता. त्या पैशातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली, आणि २०२३ मध्ये तिचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. आपल्या सौसरच्या मातीचा या कथेशी दूरचा संबंध लागतो. मध्यप्रांताचे मँगनीज ज्या खडकांत सापडते, त्या खडकांच्या समूहास भूशास्त्रज्ञ 'सौसर समूह' असेच म्हणतात. खाणींतून दगड फोडणाऱ्या मजुरांची मुले त्या संस्थेत किती गेली असतील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. त्या ३५ लाखांत त्यांचा घाम होता. या दृष्टीने मृत्युपत्रालाही ऋणाची अंशतः फेड म्हणता येईल.

आता थोडे घरातले सांगतो. विषयास ते हवे आहे. आमचे वडील १९४० च्या दशकात सौसरहून नागपुरास शिकायला गेले. नागपूर तेव्हा आपली राजधानी होती, परका प्रांत नव्हता. महालात सात घरी वार लावून ते जेवत. शनिवारच्या घरी आधी स्तोत्र म्हणावे लागे. मंगळवारच्या घरी स्वयंपाक उरेल तेवढाच मिळे. गुरुवारच्या घरची बाई मात्र काही न विचारता पानात तूप वाढीत असे, आणि मुलांच्याच पंक्तीला बसवीत असे. नोकरी लागल्यावर वडील पहिल्या पगाराचे लुगडे घेऊन त्या घरी गेले, तर बाई वारल्या होत्या आणि वाडा दुसऱ्याच्या ताब्यात होता. एवढेच आम्ही त्यांच्या तोंडून ऐकले होते. ते गेल्यानंतर त्यांच्या खर्चाच्या वह्या चाळताना दरवर्षी जून महिन्यात एक नोंद आढळली: 'गुरुवार — १५ रु.' पुढे २५, मग ४०, शेवटी १००. कोणाच्या पुस्तकांसाठी, कोणाच्या शुल्कासाठी, ते कोठेही लिहिलेले नाही.

मित्रास आम्ही ही वही दाखविली. त्यांनी ती बराच वेळ हातात धरली आणि मग एक वेगळाच प्रश्न काढला. पोराने द्यावे, त्यास आता त्यांची हरकत नव्हती. "पन त्या संस्थेला मोठमोठे लोक देतेच. आपल्या शाळेला कोन देते?"

हा प्रश्न आम्हांस आधीच्या प्रश्नापेक्षा अवघड वाटतो. रतन टाटा १९७५ मध्ये हार्वर्डच्या व्यवसायशिक्षण संस्थेत एक अभ्यासक्रम करून आले होते. २०१० साली टाटा उद्योगांनी आणि न्यासांनी त्या संस्थेस पाच कोटी डॉलर दिले आणि तेथे 'टाटा हॉल' उभा राहिला. जगातल्या सर्वांत श्रीमंत विद्यापीठास भारतीय पैसा कशाला, अशी कुरकुर तेव्हा येथे झाली होती. टाटांच्या न्यासांनी या देशात जे केले आहे ते पाहता ती कुरकुर आम्हांस पटली नाही. परंतु तिच्यामागची शंका खोटी नव्हती. माणूस शेवटच्या पायरीचे ऋण आठवतो, कारण तेथून त्याला शिखर दिसले. पहिल्या पायरीवर तो रांगत होता. ती त्याला आठवत नाही. परिणाम असा होतो की ज्यांच्याकडे पगारदार माजी विद्यार्थी आहेत त्यांनाच देणग्या मिळतात, आणि बाराखडी शिकविणाऱ्या शाळेला छपराची कौले बदलण्यासाठी प्रस्ताव पाठवावा लागतो. असे प्रस्ताव आम्ही नोकरीत पुष्कळ हाताळले. नस्ती वर जाते, त्रुटी काढून परत येते, आणि अनुदान आलेच तर आधीच्या वर्षीचे उपयोगिता प्रमाणपत्र नाही म्हणून अडते. नियम चुकीचे होते असे आम्ही म्हणत नाही, ते आम्हीही पाळले. पण पावसाला त्रुटी दाखवून परत पाठविता येत नाही.

याचा अर्थ वरच्या पायरीस देऊ नये असा नव्हे. आपल्या भागापुरते तर त्यास एक खास कारणही आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. मुले शिकायला नागपूर-पुण्याकडेच जातात. राज्यांच्या बहुतेक शिष्यवृत्त्या मात्र मूळ निवासी प्रमाणपत्र पाहतात. पांढुर्ण्याचा मुलगा महाराष्ट्राच्या लेखी परराज्यातला ठरतो, आणि आपल्या राज्याच्या पुष्कळ योजना सीमेपलीकडच्या संस्थेस लागू होत नाहीत. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा-सौसरचा स्वतंत्र जिल्हा झाला तरी ही अडचण जागची हलली नाही. माजी विद्यार्थ्यांच्या निधीस अशी सीमा नसते. मित्राच्या मुलाला आम्ही एवढेच सुचविले की देणगीपत्रात 'गुणवत्ता व गरज' याखेरीज कोणतीही अट घालू नये, राज्याचीही नाही आणि जातीगावाचीही नाही. आपल्याच गावच्या मुलांसाठी राखून ठेवावे, असे त्याच्या मनात होते. गुरुवारच्या त्या घरी गाव विचारले गेले असते तर आमच्या वडिलांचे काय झाले असते, असे आम्ही त्यास लिहिले. त्याने अट काढली. एक लाखाचे पाऊण लाख केले आणि उरलेले पंचवीस हजार वडिलांकडे पाठविले.

त्या पंचवीस हजारांचे काय करायचे हे मित्राने आधीच ठरविले होते. गेल्या महिन्यात आम्ही दोघे आमच्या जुन्या शाळेत गेलो. आम्ही शिकलो तेव्हा तेथे पाचवीपर्यंत मराठीतून शिकवीत. मुख्याध्यापिका तरुण होत्या. आम्ही कोणाच्या तक्रारीसाठी आलो आहोत असे त्यांना प्रथम वाटले. कारण सांगितल्यावर त्यांनी आपणहून कपाटातून जुने दाखल-खारीज रजिस्टर काढले. कापडी बांधणी सुटलेली, पण पाने शाबूत. आमचे नाव सापडले, आणि दोन ओळी खाली मित्राचे. पालकाचा व्यवसाय: मजुरी. शेऱ्याच्या रकान्यात कोणा गुरुजींच्या वळणदार अक्षरात: पुस्तके शाळेकडून.

मित्राने ते दोनदा वाचले. पुस्तके शाळेने दिली होती हे त्यांना ठाऊक नव्हते. वडिलांनी आणली असेच ते साठ वर्षे समजत होते.

मग पैशांची गोष्ट निघाली. शाळेकडे देणगीचे पावतीपुस्तक नव्हते. आजवर लागलेच नव्हते, असे बाई म्हणाल्या. रक्कम शाळा प्रबंधन समितीच्या खात्यात भरावी लागेल आणि त्यासाठी समितीचा ठराव हवा. बैठक पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आहे. मित्राने खिशातून डायरी काढून तारीख लिहून घेतली, आणि मुलांना पुस्तके देताना शेऱ्याच्या रकान्यात आता काही लिहितात का, असे त्यांना विचारले. बाई म्हणाल्या, तो रकाना आता रजिस्टरात नाही.